कप्तानाच्या बायकोचे रडणे

कप्तानाच्या घराचे संग्रहालय दुरुस्तीनंतर जनतेसाठी पुन्हा खुले झाले, तेव्हा त्यात एकच त्रुटी आढळली. कप्तानाची बायको रडायची थांबली होती.

समुद्रावर गेलेला कप्तान परतला नाही, म्हणून ही बाई वरच्या खिडकीशी बसून रडून रडून मेली आणि मेल्यावरही तिने रडणे सोडले नाही, अशी आख्यायिका. भिंतीतून हुंदके यायचे. ते ऐकायला माणसे लांबून यायची. दुरुस्तीच्या वेळी प्लंबरने भिंतीतला गळका पाइप बदलला आणि करायला गेले एक, झाले भलतेच! गळती थांबली, तसे हुंदकेही थांबले. तोवर प्लंबरचा सत्कार होऊन गेला होता.

"जुनी खिडकी आमच्या घरीही आहे," तिकीट काढून आलेले एक गृहस्थ कडाडले. "रडणं कुठंय?"

संग्रहालयाच्या अभिरक्षकांनी वर खात्याला कळवले. वरून आदेश आला, की रडणे हा वारशाचा अविभाज्य भाग असल्याने ते तत्काळ पूर्ववत करावे. पाइप भंगारात गेलेला. आली का पंचाईत! शेवटी 'हंगामी रुदनसेविका' असे पद निर्माण करून झाडलोट करणाऱ्या बाईला भिंतीमागच्या अडगळीत बसवण्यात आले.

"मला रडू येत नाही हो साहेब," बाई म्हणाली. "सोसून सोसून डोळे कोरडे पडलेत."

"हंगामभर नीट रडा. मग कायम करू तुम्हाला."

कायम! बाईच्या घरी थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. आईमागे तिनेच हिला लहानाची मोठी केली होती आणि खात्याच्या दवाखान्यात औषधपाणी मिळायचे ते फक्त कायम नोकरांच्या घरच्यांना. बाई रडू लागली, आणि काय रडली म्हणता! श्वास आत ओढायचा, थोडे थांबायचे, मग एक लांब सुस्कारा. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. इतिहासाच्या एका प्राध्यापकांनी तर हे रडणे कप्तानाच्याच काळातले असल्याचा लेखी निर्वाळा दिला. जेवणानंतरचे रडणे जरा सुस्तावते, एवढीच काय ती तक्रार होती.

हंगाम सरत आला होता. एका सकाळी शेजारीण धावत निरोप घेऊन आली आणि बाई अभिरक्षकांपुढे उभी राहिली.

"ताई गेली हो साहेब. मला घरी जाऊ द्या."

"अरेरे, फार वाईट झालं." अभिरक्षक मनापासून हळहळले. माणूस वाईट नव्हता, फक्त कर्तव्यदक्ष होता. "पण बाहेर रांग बघा केवढी. आणि घरी जाऊन तरी तुम्ही रडणारच ना? तेच इथे रडा. दुपारी लवकर सोडतो."

बाई अडगळीत शिरली आणि तिचा बांध फुटला. "ताई गं, मला टाकून कशी गेलीस गं!" तिला ठसका लागला, उचक्या लागल्या, तिने दोनदा नाक शिंकरले.

बाहेर कुजबुज सुरू झाली.

"कप्तानाच्या बायकोला ताई कुठून आली?"

"किती नाटकी! काही मनाला भिडतच नाही."

"नाक शिंकरतंय ते! सरळ सरळ फसवणूक आहे ही."

रडण्याचा दर्जा खालावल्याच्या कारणावरून बाईला जागच्या जागी कार्यमुक्त करण्यात आले.

"आजच्या दिवशी तरी नीट रडायचं होतंत," अभिरक्षक दुःखाने म्हणाले. "आता कायम होणं कठीण आहे बाई."

"आता कुणासाठी व्हायचंय कायम?"

बाहेर रांग खोळंबली होती. कोट काढून ते स्वतः अडगळीत शिरले.

बाई दाराबाहेर आली. रांगेच्या कडेला पायरीवरच बसली आणि पदरात तोंड खुपसून ओक्साबोक्शी रडू लागली. रांगेतून कुणीतरी वाकून, अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "बाई, जरा लांब जाऊन रडता का? आतलं ऐकू येत नाहीये."

बाई उठून लांब गेली. आत अभिरक्षकांनी घसा साफ करून पहिला हुंदका दिला, आणि रांगेतल्या तुमच्याआमच्या डोळ्यांत टचकन पाणी आले.