साडेपाचातलं साडे

बियाणे तपासणीच्या त्या प्रयोगशाळेत दोन टाइम चालत. एक घड्याळाचा आणि एक मशीनचा. घड्याळ भिंतीवर होते आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. मशीन म्हणजे कोपऱ्यातला जुना युनिक्सवाला कॉम्प्युटर. सकाळी आल्यावर त्यातल्या लॉगबुकात आपले नाव टाकून एंटर दाबायचे, वेळ मशीन आपणहून लिहीत असे. ही वेळ बरोबर अर्धा तास मागे असायची. साडेनऊला एंटर दाबले की कागदावर नऊ उमटत, आणि ऑफिसची वेळ नऊची होती. असे का होते हे आठ वर्षांत कोणी विचारले नव्हते. धर्माच्या गायीचे दात कशाला मोजायचे?

या गायीचे दूध सगळ्यात जास्त कोण पीत असेल तर तो वसंता. तिथला कॉम्प्युटर ऑपरेटर. केदारखेड्याहून सकाळी निघणारी जीप वाटेत दिसेल त्याला कोंबून घेत जालन्यात यायची, आणि ऑफिसच्या दारात पाय ठेवेपर्यंत वसंताला नऊ वाजून पंचवीस मिनिटे होत. मशीन मात्र त्याला रोज पाच मिनिटे आधी आलेला कामसू माणूस ठरवत असे. तीन वर्षे तो अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरींवर दिवस काढत होता. कायम होणे एवढेच एक स्वप्न त्याने जीपच्या मागच्या फळकुटावर बसून पाहिले होते.

२००१ सालच्या मार्चमध्ये बद्रीनाथ साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावले.

"वसंता, जुनं मशीन कवा मान टाकील त्याचा भरोसा न्हाई. नवं आलंय, त्याच्यात ते लिनक्स का फिनक्स टाकलंय म्हणं. लॉगबुक त्याच्यावर आण. आन् थोडी सुधारणा बी कर. लोक संध्याकाळी साडेपाचच्या आधीच सटकून राह्यले. जातानाची बी नोंद पायजे."

"करतो साहेब."

"बराबर चाललं तर एक तारखेपासून तुझी कायमची ऑर्डर."

वसंता केबिनमधून बाहेर आला तो तरंगतच.

लिनक्स हे युनिक्सचेच भावंड, आणि एका युनिक्सवरचा प्रोग्रॅम दुसऱ्या युनिक्सवर नेणे म्हणजे बिऱ्हाड हलवणे. सामान तेच, पण नव्या घरात खुंटी असते तिथे खिडकी निघते. लॉगबुकाचे मूळ गाव फिनलंड. तिकडच्या मिका नावाच्या प्राध्यापकाने ते लिहून जगाला फुकट वाटले होते. आतला कोड कोणीही उघडून पाहावा, दुरुस्ती केली तर कळवावी, मिका त्याचे नाव यादीत घालणार. वसंताने दोन आठवडे एकेक खुंटी ठोकली. जातानाची नोंद बसवली. वर हौसेने स्वतःची एक सुधारणा केली. जो उशिरा येईल किंवा लवकर जाईल त्याच्या नावापुढे कागदावर चांदणी उमटेल. साहेब खूश होतील, एवढाच त्याचा साधा हिशेब.

आणि मग एके दुपारी तो खुर्चीतून ओरडला, "सापडलं!"

"काय, उंदीर?" उषाबाईंनी विचारले. त्या उगवलेले कोंब मोजायच्या आणि मोजता मोजता सगळ्या ऑफिसवर नजर ठेवायच्या.

"न्हाई हो. अर्धा तास! मशीन आतून लंडनचा टाइम धरतं. लंडनच्या पुढं आपण किती तास? साडेपाच. त्या मिकाला वाटलं तास म्हंजे पुरेच असत्यात. त्याच्या प्रोग्रॅमला साडेपाच सांगितलं तर तो पाच ठेवून घेतो, आन् साडे खाली सांडतो!"

उषाबाईंचा हात कोंबांवरच थांबला. जनरेटर सांभाळणारे लालमियाँ दारातून आत आले.

"मंग ते साडे सांडलेलंच ऱ्हाऊ दे ना," उषाबाई म्हणाल्या. "कोणाचं काय खाऊन राह्यलं?"

"चूक हाय ती, उषाबाई. साऱ्या जगात चूक हाय!"

"वसंतभाऊ," लालमियाँ समजुतीने म्हणाले, "चलती गाडी को हात नको लावू. बिलकुल नको."

पण जगाची चूक सापडलेल्या माणसाला गावचे शहाणपण ऐकू येत नाही. वसंता जेवणाच्या सुट्टीत गावातल्या मस्तगड भागात गेला आणि तिथल्या इंटरनेट कॅफेतून त्याने मिकाला दुरुस्ती पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, 'अर्ध्या तासावर घड्याळ लावणारा देश असतो हे मला ठाऊक नव्हते.' वसंताने मोठ्या मनाने कळवले, 'आमच्या शेजारी नेपाळात तर पावणेसहा चालतात.' फिनलंड गार पडले. पुढच्या आठवड्यात यादीत नाव आले, शेवटून तिसरे. वसंताने तो कागद छापून शर्टाच्या खिशात ठेवला आणि दिवसातून चारदा चाचपून पाहिला.

सोमवारी नवे मशीन सुरू झाले. पहिला मान वसंताचाच. त्याने ऐटीत नाव टाकले, एंटर दाबले. कागदावर उमटले, वसंता, नऊ सत्तावीस, चांदणी.

दुरुस्तीच्या आनंदात जीप तो साफ विसरला होता. त्याच्यामागे उषाबाई, लालमियाँ आणि बाकीचे आठ जण. अकरा नावे, अकरा चांदण्या.

"वा! आपल्याच हातानं आपल्याच नावापुढं चांदणी!" लालमियाँ म्हणाले.

"फिनलंडवाल्याचं भलं केलं, आमचं वाटोळं केलं," उषाबाई म्हणाल्या. दुपारच्या डब्याला त्यांची शेंगदाण्याची चटणी रोज सगळ्यांपुढून फिरायची. आज ती वसंताला मिळायची नाही, हे त्यांनी तेव्हाच जाहीर केले.

साहेब नेहमीप्रमाणे अकराला आले. हैदराबादच्या हेड ऑफिसने त्यांना साडेदहापर्यंतची सवलत दिली होती आणि हाच कागद रोज फॅक्सने हैदराबादला जात असे. साहेबांनी एंटर दाबले, कागद पाहिला आणि वसंताला आत बोलावले.

"हे काय हाय?"

"चांदणी, साहेब."

"माझ्या नावापुढं?"

"उशीर झाला की... येती ती."

"आठ वर्षांत मला कवा उशीर झाल्ता?"

"कवाच न्हाई, साहेब."

"आज मी रोजच्याच टाइमाला आलो. मंग आजच उशीर कसा झाला?"

याचे उत्तर कायम झालेल्या माणसाने द्यायचे होते. "मशीन बराबर हाय, साहेब," तो चाचरत म्हणाला.

साहेबांनी ड्रॉवरमधून टाइप केलेली ऑर्डर काढली, त्याला दिसेल अशी टेबलावर ठेवली आणि तिच्यावर पेपरवेट ठेवला. "मी काय म्हणलो होतो? बराबर चाललं तर. बराबर म्हंजे पहिल्यासारखं."

वसंता जागेवर येऊन बसला. त्याला खरोखर वाईट वाटले. आयुष्यात एकच गोष्ट त्याने जगाच्या आधी शोधली होती आणि ती आपल्याच हाताने पुसायची होती. पुसायला वेळही लागला नाही. एक ओळ बदलली, साडे सांडले, साडेपाचाचे पुन्हा पाच झाले. कागद नव्याने छापला. नऊ सत्तावीसचे आठ सत्तावन्न झाले, साहेब बरोबर साडेदहाला आले आणि बाराही चांदण्या मावळल्या. दुपारी चटणी वसंतापर्यंत आली आणि तीन वाजता ऑर्डरवर सही झाली. लालमियाँनी त्याला मिठी मारली. "मुबारक, भाऊ! आता शिकलास."

भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच वाजले. पिशव्या खांद्याला लावून सगळे नव्या मशीनपुढे उभे राहिले. उषाबाईंनी नाव टाकून एंटर दाबले. कागदावर उमटले, उषाबाई, पाच, चांदणी.

"अगं बाई! हे काय आता?"

लालमियाँनी वाकून पाहिले. "मशीननं सकाळचं साडे खाल्लं, तसं शामचं बी खाल्लं."

गडबड ऐकून साहेब बाहेर आले. त्यांनी कागद पाहिला, लोकांकडे पाहिले, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे मात्र पाहिले नाही.

"मशीनमधी आत्ता पाच वाजले. हैदराबादला चांदण्या जाऊन चालणार न्हाई. बसा समदे अर्धा तास."

सगळे बसले. केदारखेड्याची शेवटची जीप भोकरदन नाक्यावरून पावणेसहाला निघायची, त्यानंतर एसटी थेट साडेसातला. वसंताने खिशातला कागद काढून एकदा वाचला. आता सगळ्या जगातल्या लॉगबुकांत साडेपाचाला साडेपाचच लागणार होते. पाच राहिले होते ते फक्त इथे.

"साहेब, माझी जीप..." तो अर्धवट उठून म्हणाला.

साहेबांच्या आधी उषाबाईंनीच उत्तर दिले.

"झालास ना कायम? मंग थांब आता."