चि. इंद्रायणीचा तांब्या

'अण्णासाहेब, सेवानिवृत्त तलाठी. नजर घारीची, स्मरण हत्तीचं. चार हजार वारसनोंदी केल्या, एकही पूर्वज निसटला नाही.'

हे वर्णन माझ्या वडिलांनी तपासाच्या वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच लिहिलं होतं. चष्मा तेव्हा सापडत नव्हता, म्हणून ओळी जरा उतरत्या आहेत. दुसऱ्या पानावर मदतनीस म्हणून माझं नाव आहे, वर्णनाशिवाय.

१९९६ साल. आई जाऊन पाच महिने झाले होते. अण्णा आयुष्यात पहिल्यांदा तांब्या घासायला बसले आणि त्यांना बुडावर कोरलेली अक्षरं दिसली : चि. इंद्रायणी. आईचं नाव केशरबाई. आमच्या सात पिढ्यांत इंद्रायणी नव्हती. पंगतीत भांडी बदलू नयेत म्हणून लोक नावं घालतात. तरीही हा तांब्या बदललाच, असा अण्णांनी निष्कर्ष काढला. वर्षश्राद्धाच्या आत तो ज्याचा त्याला परत करायचा, आईवर ठपका नको.

शेवटपर्यंत तो आईच्या उशाशी होता. मला तो हवा होता. ते बोलायला जमलं नाही, म्हणून मी मदतनीस झाले.

त्यांचं मन रमावं म्हणून मी वाचनालयातून एक पुस्तक आणलं होतं, फ्रान्समधून कॅनडात जाऊन वसलेल्या घराण्यांवरचं. तिथे बहुतेक मुलींचं चर्चमधलं पहिलं नाव मरी, घरात हाक दुसऱ्याच नावानं. एकेका घराला आडनावंही दोन. आजचे वंशज दोन माणसं शोधत बसतात आणि शेवटी एकच निघतो.

"बघ, तिकडं किती गोंधळ हाय," अण्णा म्हणाले. "आपल्यात तसं न्हाई. एक माणूस, एक नाव."

पहिला संशय जांब समर्थच्या उत्सवावर. तिथले पुजारी म्हणाले, तीस वर्षांत अर्धा जिल्हा जेवून गेला, कुणाकुणाचं नाव सांगू? अण्णांनी वहीत लिहिलं : 'पुजारी काहीतरी लपवतात.' दुसरा संशय जुने शेजारी रखमाजी यांच्या बायकोवर. तिचं नाव तुळजाबाई निघालं, यावरून तिनं तांब्यापायी नाव बदललं हे अण्णांना स्पष्ट झालं. रखमाजींनी चहा पाजला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, डॉक्टरला दाखवलं का.

तिसरा संशय सोनूमावशीच्या लग्नावर. ही आईची धाकटी बहीण. आम्ही जीपनं जाफराबादला गेलो. मावशी शेंगा फोडत होती. लग्नाच्या दिवशी ती नेमकी कुठे होती, असं अण्णांनी विचारलं.

"बोहल्यावर," मावशी म्हणाली.

अण्णांनी तांब्या पालथा करून पुढे ठेवला. मावशीनं बूड पदरानं पुसलं आणि हसायला लागली. मग थांबली.

"दाजी, ही तर आमची आक्का."

"तिचं नाव साखरा. मीच बदलून केशर ठेवलं. तांदळात अंगठीनं लिहिल्तं."

"साखरा हाकेला. पाळण्यातलं इंद्रायणी, आमच्या आजीचं. आजीच्या नावानं पोरीला रागवावं कसं? आन् आईला तर सासूचं नाव घेता येईना. मंग समदे साखराच म्हणून राह्यले. बापानं लग्नात तेवढं भांड्यावर घातलं." तिनं तांब्या सरळ केला. "अडतीस वर्षं संसार केला, दाजी, आन् एकदा बूड न्हाई पाह्यलं?"

"भरलेलाच यायचा हातात," अण्णा म्हणाले.

परतताना तांब्या त्यांनी पिशवीत घातला नाही, मांडीवर धरला. घरी आल्यावर माठातून भरला, आईच्या खाटेच्या जागी ठेवला आणि वही उघडली. चष्मा या वेळी डोळ्यांवर होता, तरी ओळी उतरत्याच गेल्या : 'प्रकरण पहिलं. चि. इंद्रायणी यांचा तांब्या मूळ मालकिणीच्या घरी पोचता केला.'

खाली त्यांनी 'वारस' असं लिहिलं आणि वही माझ्यापुढे सरकवली, सहीसाठी.