मी आत आहे, दार ढकला

बाबा गेल्यानंतर पाच आठवड्यांनी त्यांच्या संकेतस्थळावरचं एक वाक्य बदलण्याचं काम मी हाती घेतलं. वाक्य असं होतं: ‘दुकान चालू आहे. मी आत आहे, दार ढकला.’

बाबा जुने रेडिओ दुरुस्त करत. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. लोक वाक्य वाचून येत, दार ढकलत, आणि आई हात पुसत बाहेर येऊन सांगे की ते गेले. काही जण ‘परत कधी येतील?’ असं विचारत. मग तिला ‘वारले’ असं म्हणावं लागे. दिवसातून तीनदा, चारदा.

“तेवढं वाक्य काढून टाक गं,” ती म्हणाली. “तुझंच तर काम आहे ते.”

माझं काम म्हणजे यंत्रांवरच्या आणि पडद्यांवरच्या सूचना शुद्ध मराठीत आणणं. तेव्हा दहा मिनिटं लागतील, असं मी सांगितलं.

बाबांनी माझ्या नावाचं खातं केव्हाच उघडून ठेवलं होतं. मी त्यात पहिल्यांदाच शिरत होते. नियंत्रण-फलकावर ‘आशय-अवस्था’, ‘पृष्ठांतर्गत उपखंड’, ‘वर्गसंज्ञा-श्रेणी’ आणि ‘विलोपित संचय’ अशी चार दारं होती. मी पहिलं ढकललं. प्रणालीने विचारलं, ‘अवस्था अंतरिम की प्रकाशनोन्मुख?’ मी प्रकाशनोन्मुख निवडली. निदान तोंड तरी तिकडे असेल. अर्ध्या तासाने वाक्य जागच्या जागी होतं आणि माझ्या पडद्यावर दुकानाचा फोटो उलटा झाला होता.

मी मदतकक्षाला फोन लावला.

“मॅडम, तुम्ही सह-आशयकार आहात,” तिथला माणूस म्हणाला. “तुम्ही फक्त बदल सुचवायचा. अनुमोदन प्रमुख प्रशासक देतील.”

“प्रमुख प्रशासक माझे वडील. ते वारले, म्हणून तर बदल करायचाय.”

“अरेरे. वाईट झालं. मग त्यांना तसं प्रणालीतून कळवा ना.”

“काय कळवू?”

“ते वारल्याचं. त्यांनी मान्य केलं की लगेच दिसायला लागेल.”

“आणि नाही केलं तर?”

“तर त्यांना स्मरणपत्र जातं, मॅडम. दर दोन तासांनी.”

हे शब्द कुठल्या शहाण्याने केलेत, असं मी विचारलं.

“कल्पना नाही. आम्हालाही कळत नाहीत. आम्ही इंग्रजी लावून ठेवतो.”

मी बदल सुचवला. पुढच्या खोलीत बाबांचा फोन वाजला. गिऱ्हाइकांसाठी आई तो चालू ठेवत होती. मी उठून तिथवर पोचेपर्यंत तिने चष्मा लावून वाचायला घेतलंही होतं. ‘आपल्या सह-आशयकाराने सुचवले आहे: या दुकानाचे मालक वारले. आपला निर्णय?’ खाली तीन बटणं: अनुमोदन, प्रत्यावर्तन, अनुस्थगन.

“थांब, आई!”

“दाबलं की. मधलं. मधलं कधी वाईट नसतं.”

प्रस्ताव फेटाळला गेला. पुन्हा सुचवायचं तर सात दिवस थांबा, असा नियम निघाला. दुकान चालू होतं, बाबा आत होते, दार ढकलायचं होतं, आणि खाली नवी ओळ आली होती: ‘मालकांनी आजच अद्ययावत केले.’

त्यामुळे गर्दी वाढली. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ काखेत रेडिओ घेऊन आले. आईने सांगितलं, ते वारले.

“असं कसं? परवाच टाकलंय त्यांनी, आत आहेत म्हणून.”

“ते मी दाबलं.”

“बरं, मग थांबतो,” म्हणून ते बाकावर बसले. चहा घेऊन, तासाभराने उठले. जाताना म्हणाले, “ते आले की सांगा, आवाज बारीक येतो.”

त्या संध्याकाळी मी ‘प्रत्यावर्तन’ या शब्दाकडे बघत बसले. ओळखीचा वाटत होता. मग आठवलं. सहा वर्षांपूर्वी ही प्रणाली बनवणाऱ्या कंपनीने चौदाशे शब्दांची यादी मराठी करायला पाठवली होती, आणि या एका शब्दावर मी अख्खी दुपार खूश होते. चौदाशेही माझेच होते. शहाणी मीच.

आणखीही एक आठवलं. बाबांनी एकदा फोन करून विचारलं होतं, “अनुस्थगन म्हणजे काय गं?” मी घाईत होते. म्हटलं, “बाबा, संदर्भावरून कळतं. जरा डोकं लावा ना.” ते “बरं, बरं” म्हणाले. पुन्हा कधी विचारलं नाही.

सातव्या दिवशी आईने बाबांची दुरुस्तीची वही पुढे केली. “मागच्या पानांवर काहीतरी संगणकाचं लिहिलंय बघ.”

तारांच्या आकृत्यांमागे, त्यांच्या ठसठशीत अक्षरात, माझे शब्द ओळीने होते. बाबांनी त्या शब्दांचं मराठीत भाषांतर केलं होतं.

‘अनुमोदन – हो.
प्रत्यावर्तन – होतं तसं.
अनुस्थगन – नंतर बघू. (तिने केलेला शब्द. ऐकायला छान. विचारायला नको, कामात असते.)’

वही उघडी ठेवून काम खरोखर दहा मिनिटांत झालं. वाक्य आईने सांगितलं: ‘मालक वारले. दुकान बंद आहे. दार ढकलू नका.’ तिनेच फोनवर ‘हो’ दाबलं. मग बराच वेळ तो फोन तिने खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी वहीतली पानं स्वच्छ लिहून कंपनीला पाठवली. माझे चौदाशे शब्द रद्द करून हे घ्या, पैसे नकोत, असं कळवलं.

उत्तर तत्परतेने आलं. सुचवलेले शब्द सर्वांना कळतात याबद्दल अभिनंदन होतं, आणि नेमक्या त्याच कारणाने ते स्वीकारता येत नव्हते. त्यांनी म्हणे वाचकांची पाहणी केली होती. बहुसंख्य वाचकांचं मत असं, की कळणाऱ्या शब्दांत लिहिलेलं काम कोणीही केल्यासारखं वाटतं. शब्द अडला, तर आत कोणीतरी जाणकार बसला आहे असा विश्वास वाटतो.

पाहणीच्या अर्जावर ‘वाचले व समजले’ असा चौकोन होता. त्यावर तुम्ही सगळ्या वाचकांनी न वाचताच खूण केली आहे.