हिलाल आबांचे चार सेकंद

खानदेशातले पहिले, आणि दुसऱ्याची कुणाला गरज न भासल्याने एकमेव, खासगी गुप्तहेर शालिग्राम यांच्या नजरेतून काहीही सुटत नसे. तसे त्यांनी पाटीवरच लिहून घेतले होते. पाटी दाराच्या आतल्या बाजूला लागल्यामुळे ती फक्त त्यांनाच दिसे.

मेहुणा नवीन आठवडाभर डाळमिलमध्ये राबायचा आणि रविवारी, बहिणीच्या शब्दाखातर, दाजींचा सहायक व्हायचा.

त्या रविवारी गल्लीतली मेघा आली. तिला नाशिकच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती आणि उद्याच हजर व्हायचे होते.

"मग अडचण काय?" नवीनने विचारले.

"समोरचे हिलाल आबा."

महिनाभरापासून आबा मॅच पाहताना घरातून ओरडत, "गेला." चार सेकंदांनी गल्लीतल्या बाकीच्या टीव्हींवर फलंदाज खरोखरच बाद होई. आबा एकदाही चुकले नव्हते. आता लोक त्यांना पावसाचेही विचारू लागले होते.

"आई म्हणते, आबांना पुढचं दिसतं. आज मॅच चालू असताना विचारणार आहे. आबा हो म्हणाले तरच नाशिक. आणि आबा तर स्वतःच्या नातीला भुसावळलाही एकटं सोडत नाहीत."

"संध्याकाळपर्यंत बिंग फोडतो," शालिग्राम म्हणाले.

आबांच्या ओट्यासमोर उभे राहून त्यांनी वही काढली. "स्टेडियममधून कुणीतरी फोन करतं."

"आबांकडे फोन नाही, दाजी."

"म्हणून तर आजवर पकडले गेले नाहीत."

"सापडला नाही असं नाही, दाजी. फोनच नाही."

"मग मॅच जुनी असणार."

"टॉस तासाभरापूर्वी झाला. तुम्हीच हरकत घेतली होती."

शालिग्राम वहीत लिहू लागले: 'महिन्यापूर्वी गल्लीत सर्वांना सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. संशयिताने घेतला नाही. दूरदर्शनपुरता छपरावरचा जुना अँटेना ठेवला. सबब, तंत्रज्ञानाशी संबंध शून्य.' या ओळीखाली त्यांनी दोनदा रेघ मारली.

तेवढ्यात आतून आबा ओरडले, "गेला." अँटेनावरचा कावळा दचकून उडाला. मग गल्लीभर आरोळी उठली.

"पाहिलंस?" शालिग्राम कुजबुजले. "निरोप देऊन निघाला."

"कोण?"

"कावळा. शिडी आण. आणि शेव."

म्हणून प्रमिलाबाई, म्हणजे मेघाची आई, आबांकडे शिरल्या तेव्हा गुप्तहेर छपरावर मूठभर शेव घेऊन परत आलेल्या कावळ्याशी सलगी करत होते आणि नवीन खिडकीशेजारी शिडी धरून उभा होता. आतले सगळे त्याला दिसत होते.

प्रमिलाबाई पदर सावरून बसल्या. आबांच्या टीव्हीवर स्टंप उडाला.

"गेला," आबा म्हणाले.

प्रमिलाबाईंनी मान डोलावली. एवढ्यात समोरून त्यांच्याच घरातल्या टीव्हीचा गलका ऐकू आला. मग सगळी गल्ली ओरडली. त्या तशाच बसून राहिल्या. पुढे षटकार गेला. आधी इथे, मग तिथे. त्या उठून दारापर्यंत गेल्या, कान दिला आणि परत आल्या.

"आबा, तुमना टीव्ही मोहरे शे, का आमना मांगे?"

"मला काय माहीत? महिनाभर पाहून राहिलो, बठ्ठी गल्ली, सगळीच्या सगळी, उशिरा ओरडते. मला वाटलं, तुम्हाला क्रिकेट उशिरा समजतं."

मेघा दारात येऊन उभी होती. "आई, बॉक्समधून चित्र यायला वेळ लागतो. अँटेनावर ते आधी येतं. एवढंच आहे."

प्रमिलाबाई पुन्हा खाली बसल्या. आल्याच होत्या, म्हणून विचारून घेतले, "आबा, मेघाला नाशिकला धाडू का?"

"नको. लांब शे."

प्रमिलाबाई उठल्या. "तुम्ही मॅच पाहा, आबा." मग मेघाकडे वळून म्हणाल्या, "सकाळची गाडी किती वाजता आहे? आधी बॅग भर."

शालिग्राम शिडीवरून खाली उतरले. शेव संपली होती, कावळा अजून वरच होता. नवीनने त्यांना सगळा प्रकार सांगितला.

"हे मला आधीच माहीत होतं," शालिग्राम म्हणाले.

नवीनने गल्लीच्या टोकाला, दाजींच्या छपराकडे पाहिले. तिथे अँटेना नव्हता.