टाकू नका, सामंतकाका येतायत

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कुणी माळा साफ करायला काढला, की सामंतकाका वास लागल्यासारखे हजर. "टाकू नका हां, आधी मला बघू दे!" पंखे-पातेल्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. जुने फोटो, कॅसेटी, नाटकाचे कपडे दिसले की चष्मा कपाळावर आणि पहिला प्रश्न, "यात आमच्यातलं कोणी?"

'आमच्यातलं' म्हणजे जातीतलं नव्हे. काका पुरुषांवर प्रेम करणारे, आणि हे ते दूधवाल्यालाही 'उद्या अर्धा लिटर जास्त' म्हणाल्यासारखं सांगतात. "सत्तरीपर्यंत गप्प बसलो, वहिनी. आता वेळ कमी उरलाय." ठाण्यातल्या काही मुलामुलींनी अशा माणसांच्या वस्तू नि आठवणी जमवायला घेतल्या, तेव्हापासून काका त्यांचे सगळ्यात उत्साही आणि सगळ्यात तापदायक सभासद. आयुष्य केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये गेलेलं, त्यामुळे प्रत्येक वस्तूला लेबल हवंच. नाव, गाव, आणि आवडता पदार्थ!

"पदार्थ कशाला?" मी विचारलं.

"नाव-गाव रेशनकार्डावरही असतं. काय आवडीने खायचा ते कळलं, की माणूस वाटतो."

कल्याणजवळच्या मोहने गावात तिथल्या कारखान्यातले एक जुने कामगार वारले. एकटेच राहायचे, गणपतीतल्या नाटकांत बाईचं काम करायचे. काकांनी मलाही रिक्षात कोंबलं. "बाई सोबत असली की लोक दार उघडतात."

भाचा घर रिकामं करत होता. त्याने एक जरीची नऊवारी पुढे टाकली. "बोहारणीला देणार होतो. मामाचं हे असलं... लोक हसायचे हो."

"नुसते हसायचे? वन्समोर नाही द्यायचे?"

भाचा घुटमळला. "द्यायचे. दोन-दोनदा द्यायचे."

"मग तेच लिहू. खायला काय आवडायचं त्यांना?"

"सोड्याची खिचडी. स्वतःच करायचा. मी शाळेतून आलो की आधी मला वाढायचा..." आणि तो उंबऱ्यावर बसून रडायलाच लागला. काका शेजारी बसले, साडीची घडी घालत राहिले.

ठाण्यात त्या मुलांनी जमवलेल्या वस्तूंचं प्रदर्शन लावलं तेव्हा भाचा बायकोला घेऊन आला. साडीपाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "माझा मामा."

काका मात्र कोपऱ्यातल्या टेबलाशी होते. टेबलावर दोन फ्रेम. दोन्हींत तलावपाळीचा तोच बाक. एकीत तरुण काका हसतायत, दुसरीत कुरळ्या केसांचा एक माणूस.

"हा विनायक. गेला त्याला बरीच वर्षं झाली. एका घरात म्हातारे झालो आम्ही. लोकांना सांगायचो, मावसभाऊ."

"दोघांचा एकत्र नाही?"

"काढणार कोण? तिसऱ्याच्या हातात कॅमेरा द्यायचा धीर नव्हता झाला." काका फोटोकडे बघत राहिले. "इथे मी हसतोय ना, ते त्याच्याकडे बघून. आणि तिकडे तो, माझ्याकडे."

मग एकदम चिडून म्हणाले, "ही पोरं पण ना, केवढं अंतर ठेवलंय!" आणि दोन्ही हातांनी त्यांनी फ्रेम सरकवल्या, कडेला कड लागेपर्यंत.