नॉर्वेमार्गे आलेलं नाक

सुसंस्कृत माणूस कुठेही थेट जात नाही. आमच्या यांगूनमध्ये स्थळ पसंत नसल्याचं कळवायलाही तिसऱ्यालाच पाठवतात, कारण तोंडावर नाही म्हणून समोरच्याला अवघडवणं आम्हाला जमत नाही. ब्राउझरनेही हीच रीत उचलली आहे, तिला प्रॉक्सी म्हणतात. बंद केलेल्या साइटवर आपण जायचं नाही. परदेशातल्या एखाद्या कॉम्प्युटरला पाठवायचं आणि तो आणील ते निमूट पाहायचं.

साइट बंद करण्याचं पवित्र कार्य आमचं खातं करतं. (चहा चांगला असतो.) आमचे इन्स्पेक्टर ऊ पे थान हे मा न्वे यी नावाच्या बाईच्या इंटरनेट कॅफेला सील ठोकायला निघाले, तेव्हा लाख आणि मेणबत्ती घेऊन मी मागे होतो. पण आल्या आल्या सील ठोकणं बरं दिसत नाही. म्हणून साहेब आधी सिंगापूरच्या लेकीची मेल पाहायला बसले. तिला मुलगा झाला होता आणि त्याचं नाक कुणावर गेलंय यावरून घरात दोन तट पडले होते. मेलची साइट बंद निघाली. पडद्यावरच्या बंदीच्या सूचनेखाली सही साहेबांचीच होती.

मा न्वे यीने सेटिंग्ज उघडल्या, प्रॉक्सीवर खूण केली, पत्ता आणि पोर्ट भरून ओके दाबलं.

"सया," ती म्हणाली (आमच्याकडे साहेबांना सया म्हणतात), "आता तुम्ही नॉर्वेत आहात."

"मग इथे गुन्हा कसला?" साहेब म्हणाले.

फोटो वरून खाली सावकाश उतरू लागला. जावळ आलं, कपाळ आलं, भुवया आल्या आणि वीज गेली.

साहेबांनी अहवाल दिला: सदर कॅफेतील शंभर टक्के गिऱ्हाइके नॉर्वेत असतात, नॉर्वे आपल्या हद्दीत नाही, सबब सील अनावश्यक. अहवाल नेहमीसारखाच चोख होता, म्हणजे प्रॉक्सीच्या पत्त्यासकट. खात्याने कधी नव्हे ती तत्परता दाखवून तो पत्ताही बंद केला.

दुसऱ्या दिवशी नाकाच्या जागी पुन्हा साहेबांची सही आली. त्यांचे डोळे भरून आले. मलाही वाईट वाटलं, पण खात्याचा अभिमानही वाटला.

त्यांनी दुसरा पत्ता मागितला. मा न्वे यी त्यांना तोंडावर नाही कशी म्हणणार? ती माझ्याकडे वळली.

"साहेबांना सांगा, पत्ता आहे. पण त्यांचं अक्षर फार सुंदर आहे."

साहेबांनी खिशातलं पेन काढून माझ्या हाती दिलं. पत्ता मिळाला, फोटो पुरा उतरला आणि नाक आजोबांचंच, म्हणजे साहेबांचंच निघालं.

तो नवा पत्ता इथे छापणं बेकायदेशीर ठरेल. तो मिळेल या आशेने तुम्ही इथवर वाचत आलात, याची खात्याने नोंद घेतली आहे. नॉर्वेत स्वागत.