पोरगी जेवली काय?

देवरावजींनी कादंबरी परत केली की मी आधी तिचं मागचं कोरं पान उघडायचो. तिथं पेन्सिलीनं त्यांचा अभिप्राय असायचा: 'पानं दोनशे बारा. नायिका तीनदा जेवली. एकदा नुसता चहा.'

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये ते फिटर होते. कापसाचा हंगाम सरून यंत्रं थांबली की आठवड्याला दोन कादंबऱ्या फस्त करायचे. मी दिवसा शाळामास्तर आणि संध्याकाळी वाचनालयाचा बिनपगारी राखणदार. त्यामुळे तोंडी अभिप्रायही मलाच ऐकावा लागे.

"मास्तर, हे पोरगी बंगल्यात राह्यते, सतार वाजवते, खिडकीत उभी राहून रडते. पण जेवते कवा?"

"अहो, ती विरहात आहे."

"असन. पण घरच्यायनं तिले विचारावं का नाही?"

एका गाजलेल्या कादंबरीत नायिका क्षयानं जाते. गावातल्या बायका ती रडून रडून वाचत होत्या. देवरावजींनी मात्र लिहिलं, 'पान चाळीसनंतर पोटात अन्न नाही. डॉक्टर उगाच आणला.' तरुण सभासद हे वाचून पोट धरून हसत. मीही हसायचो. खरं तर मी तरी हसायला नको होतं. मला कुसुम ठाऊक होती.

कुसुम त्यांची थोरली मुलगी, हे अभिप्राय सुरू होण्याआधी पुसदला दिलेली. तिची पत्रं फार सुंदर असत. पळस फुलल्याचं, मांजरीच्या पिलांचं असं काही लिहायची, की देवरावजी ते पत्र वाचनालयात आणून मोठ्यानं वाचत. "पोरगी एक दिवस पुस्तक लिहील तुमची," असं मीच म्हणायचो. आमच्याकडे लेकीला मूल होईस्तोवर बाप तिच्या घरी जेवत नाही. देवरावजी भेटीला जात तेही घरून भाकर बांधून, आणि पुढच्या बसनं परत. दीड वर्षात कुसुम गेली. सासरी तिला उपाशी ठेवत होते, हे शेजारणीनं तेराव्याला सांगितलं. इतक्या पत्रांत जेवणाचा एक शब्द नव्हता आणि आम्हा दोघा वाचकांच्या ते ध्यानात आलं नव्हतं. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढे धाकटी विमल नेरला दिली. महिन्याभरानं तिचं पहिलं पत्र आलं. देवरावजींनी ते माझ्यापुढं ठेवलं.

"तुम्हीच वाचा. मले अक्षर लागून नाही राह्यलं."

अक्षर तर मोत्यासारखं होतं. नणंद जीव लावते, अंगणातला मोगरा फुलला आहे, आईनं काळजी करू नये. मी पत्र उलटून पाहिलं. मागं काही नव्हतं.

"सारं ठीक दिसतं," मी म्हणालो, पण माझं मलाच पटलं नाही. त्यांनी पत्र खिशात घातलं आणि तसेच स्टँडवर गेले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. नवी कादंबरी मागितली नाही.

"कशी आहे विमल?"

"बरी हाये. मी जेवलो तिच्या घरी."

नातवंडाचा पत्ता नसताना लेकीच्या सासरी पाटावर बसलेला बाप आमच्या गावानं पाहिला नव्हता.

"व्याही म्हणे, लोकं नावं ठेवतीन. म्हटलं, ठेवू द्या. पोरीले बाजूले बसवलं. दोन भाकरी खाल्ल्या तिनं. वांग्याची भाजी अजून मागून घेतली. सासूनं वाढली."

"मग चांगलंच झालं की."

"हो, चांगलं झालं." ते बाकावर बसले.

"कुसुमच्या घरी शेवटचा गेलतो ना मास्तर, तवा ती सैपाकघराच्या दारात उभी होती. लय वेळ उभी होती माह्यासमोर. म्या मान वर केली नाही. कादंबरी रंगात आलती."